दुबईमार्गे न्यू जर्सी: आई-बाबांचे फोन, आजीची लँडलाइन आणि इंटरनेटवरचे कॉल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई-बाबा मे महिन्यात कोल्हापूरहून निघणार, आधी तीन आठवडे दुबईत तुमच्या बहिणीकडे आणि मग साधारण पाच महिने न्यू जर्सीत तुमच्याकडे. दोघांकडे अँड्रॉइड फोन, दोघांची सिम प्रीपेड. घरी आजी आणि दिवसभराच्या कामाच्या मावशी. आजीजवळ लँडलाइन आणि बटणांचा साधा मोबाइल. दुबईत व्हॉट्सॲप कॉल लागत नाही म्हणतात, तर व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवरून फिरवून नेणारं ॲप) टाकावं का, बँकेचे ओटीपी येतील का, कोणतं सिम घ्यावं, आणि आजीशी बोलायचं कसं?

फोनचा आवाज इंटरनेटवरून नेणारी यंत्रणा उभी करणं आणि बिघडली की दुरुस्त करणं हे माझं काम आहे. त्यातली काही वर्षं आखातातही गेली. बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "ॲप कोणतं चांगलं?" माझ्या मते ते सगळ्यात शेवटी ठरवायचं. परदेशात गेल्यावर कॉल लागणार की नाही हे ॲपपेक्षा तुम्ही त्या क्षणी कोणाच्या इंटरनेटवर आहात यावर ठरतं. आणि तुमचा भारतातला नंबर ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. नंबर लागतो तो ओटीपी आणि ओळखीसाठी, बोलण्यासाठी लागतं ते इंटरनेट. या दोन गोष्टी मनात वेगळ्या केल्यात की तुमचे निम्मे प्रश्न सुटतात.

नंबरापासून सुरुवात करू, कारण त्याची तयारी कोल्हापुरातच करावी लागते.

दोघांची भारतीय सिम फोनमधून काढायची नाहीत. फोनमध्ये दोन सिमची सोय असेल तर एक भारतीय आणि दुसरं तिथलं. ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच भरलं जाणारं सिम) चालत असेल तर तिथलं ई-सिम आणि भारतीय सिम आपल्या खाचेत तसंच. पूर्वी लोक जुनं सिम काढून पाकिटात ठेवायचे आणि व्हॉट्सॲप जुन्या नंबरावर सुरूच राहायचं. आता तसं करू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲपना आदेश दिला की ज्या सिमवर खातं उघडलंय ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावं. सिम फोनमध्ये आहे आणि माणूस रोमिंगवर आहे, अशा लोकांना त्याचा त्रास होणार नाही, हेही विभागाने लगेच स्पष्ट केलं होतं. म्हणजे सिम फोनमध्ये असू द्या, विषय संपला. दुसरं सिम घातल्यावर व्हॉट्सॲपने "नंबर बदलायचा का" असं विचारलं तर आई-बाबांनी "नाही" म्हणायचं, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा. एकदा "हो" दाबलं गेलं की सगळ्या नातेवाइकांच्या फोनमधला त्यांचा जुना नंबर निरुपयोगी होतो, आणि मग आठवडाभर प्रत्येकाला समजावत बसावं लागतं.

प्रीपेड सिम जिवंत ठेवणं हे दुसरं काम. ट्रायच्या, म्हणजे भारतातल्या दूरसंचार नियामकाच्या, नियमाप्रमाणे सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते. खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात, पण त्यावर विसंबू नका. प्लॅनची मुदत संपली की एसएमएस येणं त्याच्या खूप आधीच थांबू शकतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन काढायला लावले, त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. सहा महिने बाहेर राहणाऱ्या आई-बाबांना भारतातला रोजचा दीड जीबी डेटा घेऊन काय करायचाय? हा साधा प्लॅन दोघांच्या सिमवर टाकून द्या. दुकानदार तो आपणहून दाखवत नाही, मागून घ्यावा लागतो.

तिसरं म्हणजे आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा सुरू करून घेणं. रोमिंग पॅक घेणं आणि रोमिंग सेवा सुरू असणं यात फरक आहे. सेवा सुरू नसेल तर परदेशात भारतीय सिमला नेटवर्कच मिळत नाही आणि ओटीपीही येत नाही. सेवा सुरू असेल तर बहुतेक कंपन्या येणाऱ्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत. तुमच्या कंपनीचा नियम कस्टमर केअरला विचारून घ्या. फोनमध्ये मात्र त्या सिमचं "डेटा रोमिंग" बंद ठेवायचं. बिल फुगतं ते बोलण्याने नव्हे, तर न बोलता मागे चालणाऱ्या फोटो बॅकअपने आणि ॲप अपडेटने. दोन सिमच्या काही फोनमध्ये एका सिमचं नेट मंद झालं की दुसऱ्या सिमचा डेटा आपोआप वापरण्याची सोय असते. तीही बंद करा.

व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन घालून तो वहीत लिहून ठेवा. परदेशात फोन पडला, फुटला आणि नवा घ्यावा लागला तर खातं परत उघडताना भारतीय नंबरावर एसएमएस येणार आणि हा पिनही मागणार. पिन आठवत नाही म्हणून दिवसेंदिवस व्हॉट्सॲपविना बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता दुबई.

संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं चालतं, फक्त कॉल लागत नाही. व्हॉइस आणि व्हिडिओ, दोन्ही. ॲपलच्या फेसटाइमची गतही तीच. ही ॲपची चूक नव्हे. तिथल्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे टीडीआरएने, इंटरनेटवरून बोलण्याची सेवा फक्त परवानगी मिळालेल्यांनाच खुली ठेवली आहे. एतिसलात आणि डू या तिथल्या कंपन्यांच्या नेटवर बाकीच्यांचे कॉल अडवले जातात. घरचं वाय-फाय घ्या, मॉलचं घ्या किंवा तिथलं सिम, शेवटी नेट याच दोन कंपन्यांचं असल्याने फरक पडत नाही.

परवानगी असलेल्यांत झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स, गूगल मीट ही ओळखीची नावं आहेत, शिवाय बोटिम आणि गोचॅट ही तिथे रोज वापरली जाणारी ॲप आहेत. तुमच्या बहिणीच्या फोनमध्ये बोटिम असणारच, मराठी घरांत तिथे तेच चालतं. पण त्यासाठी समोरच्याकडेही बोटिम लागतं. तीन आठवड्यांसाठी मामा, काकू, आत्या सगळ्यांना नवं ॲप टाकायला लावण्यापेक्षा मी गूगल मीट सुचवेन. अँड्रॉइड फोनमध्ये ते बहुधा आधीच असतं. एक मीटिंगची लिंक तयार करा, ती कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर पिन करून ठेवा आणि रोज त्याच लिंकवर या. मेसेज अडत नाहीत, त्यामुळे "आलो, या" एवढं व्हॉट्सॲपवर लिहायचं आणि बोलायला मीटवर जायचं. दोघांच्याच कॉलला मीट मोफत खात्यावर २४ तास देतं, तिघे किंवा जास्त असतील तर ६० मिनिटं. झूम मोफत खात्यावर ४० मिनिटांनी तोडतं. आमच्याकडे तेवढ्यात आत्या फक्त हवापाण्यावरच आलेली असते.

आखातात राहिलेल्या कोणी "आयएमओ टाका" असं सुचवलं तर लक्षात ठेवा, ते ॲप भारत सरकारने मे २०२३ मध्ये बंद केलं. ज्या देशात कॉल निघतो तिथे आणि ज्या देशात पोहोचतो तिथे, दोन्हीकडे ॲप चालायला हवं.

व्हीपीएनचं माझं उत्तर "नको" असं आहे. व्हीपीएन हे तंत्रज्ञान तिथे सरसकट बेकायदा नाही, कंपन्या कामासाठी ते वापरतातच. पण आपला खरा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची आपली ओळख, लपवून गुन्हा केला किंवा तो उघडकीला येऊ दिला नाही तर २०२१ च्या सायबर गुन्हे कायद्यात कैद, ५ लाख ते २० लाख दिरहमपर्यंतचा दंड किंवा दोन्ही आहे. बंदी असलेला कॉल त्यात बसतो की नाही यावर वकील वाद घालू शकतील. तो वाद आपल्या सत्तरीतल्या बाबांच्या नावावर कशाला? मीट फुकट चालत असताना तर अजिबातच नको. "सगळेच वापरतात" हे खरं आहे, पण सगळे तिथे राहतात. आई-बाबा व्हिजिट व्हिसावर जाणार आहेत. फुकट व्हीपीएन ॲप तुमचा सगळा व्यवहार कोणाच्या तरी अनोळखी सर्व्हरवरून नेतं, हा आणखी एक भाग झाला.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना कोड्यात टाकते. भारतीय सिमवर रोमिंगचा डेटा पॅक घेऊन दुबईत गेलेल्या माणसाचा व्हॉट्सॲप कॉल कधीकधी सहज लागतो, आणि तिथलं सिम असलेल्या यजमानांचा लागत नाही. कारण असं की रोमिंगमध्ये तुमचा डेटा तिथल्या टॉवरवरून निघतो, पण सहसा तिथल्या इंटरनेटवर उतरतच नाही. तो बंद नळीतून तुमच्या मूळ कंपनीकडे, म्हणजे भारतात येतो आणि मग भारतातून जगात बाहेर पडतो. याच कारणाने चीनमध्ये परदेशी सिमच्या रोमिंगवर गूगल आणि व्हॉट्सॲप उघडतं आणि हॉटेलच्या वाय-फायवर उघडत नाही. म्हणूनच मी म्हणतो, "कोणत्या देशात आहात" हे विचारू नका, "कोणाच्या इंटरनेटवर आहात" ते विचारा. दुबईत ही वाट बरेचदा चालते, पण प्रत्येक कंपनीची रचना वेगळी असते आणि बदलतेही, त्यामुळे तिच्या भरवशावर बेत आखू नका. पहिल्या दोन दिवसांसाठी छोटा रोमिंग पॅक असेल तर असू द्या, विमानतळावर उतरल्यावर बहिणीला शोधायला उपयोगी पडतो.

ट्रॅव्हल ई-सिमचंही असंच आहे. ऑनलाइन विकत घेतलेल्या बऱ्याच ई-सिमचा डेटा तिसऱ्याच एखाद्या देशातून बाहेर पडतो. त्यामुळे आपली बँकेची ॲप्स कधी अडतात, कधी नकाशे आणि जाहिराती भलत्याच देशाच्या दिसतात. शिवाय त्यातल्या बहुतेकांत फोन नंबर नसतो, फक्त डेटा असतो. आठवडाभराच्या सहलीला ठीक. पाच महिन्यांसाठी नाही.

विमानात फोन एअरप्लेन मोडवर ठेवायचा तो सुरक्षेच्या नियमासाठी, आणि खिशासाठीही. काही लांब पल्ल्याच्या विमानांत स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. रोमिंग चालू असलेलं सिम त्याला आपोआप चिकटलं तर त्याचे दर तुमच्या साध्या पॅकमध्ये धरलेले नसतात. क्रूझच्या जहाजांवरही हेच. वाय-फाय हवं तर एअरप्लेन मोड ठेवूनच वाय-फाय चालू करता येतं.

न्यू जर्सीत कोणतंच ॲप अडत नाही, तिथे प्रश्न वेगळे आहेत. तुमच्या घरचं वाय-फाय असताना आई-बाबांना डेटाची चिंता नाही. तरी पाच महिन्यांसाठी त्यांना तिथलं स्वस्त प्रीपेड सिम घेऊन द्याच, निदान एक. दवाखाना, औषधांचं दुकान, एअरलाइन सगळे तिथला नंबर मागतात. तुम्ही ऑफिसात असताना ते दोघं पार्कात फिरायला जातील, तेव्हा वाय-फाय मागे घरी राहिलेलं असतं. एक खबरदारी घ्या. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं. त्यानंतर साधा फोन कॉलसुद्धा ४जीवरच्या व्हीओएलटीईने जातो. भारतात घेतलेल्या काही फोनना तिथल्या काही कंपन्या ती सोय देत नाहीत. मग नेट छान चालतं, व्हॉट्सॲप चालतं आणि साधा कॉल मात्र लागत नाही. सिम घेण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घालून तपासा. आयएमईआय पाहायला फोनवर *#०६# डायल करायचं.

हे महत्त्वाचं अशासाठी की आणीबाणीचा कॉल इंटरनेटच्या ॲपवरून जात नाही. अमेरिकेत ९११, अमिरातीत पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९८. हे सगळे फोनच्या साध्या डायलरवरून लावायचे. व्हॉट्सॲपवर ९११ शोधत बसलेला माणूस ही अतिशयोक्ती वाटेल, पण ज्यांनी वर्षानुवर्षं साधा कॉल केलेलाच नाही, ते घाबरल्यावर सवयीच्याच खुणेवर बोट ठेवतात. दोन्ही देशांचे नंबर फोनच्या होमस्क्रीनवर शॉर्टकट करून ठेवा.

भारतीय नंबरासाठी अमेरिकेत आणखी एक सोय तपासून पाहा, ती म्हणजे वाय-फाय कॉलिंग. भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ती सुरू केली. तिच्यात फोन तुमच्या वाय-फायवरून थेट भारतातल्या कंपनीशी सुरक्षित जोडणी करतो आणि सिम जणू घरीच असल्यासारखं वागतं. साध्या नंबरावर आलेला कॉल वाय-फायवर वाजतो. टॉवरचा सिग्नल नसलेल्या तळघरातही ओटीपी बहुधा येतो. अडचण एवढीच की परदेशातून ही सोय वापरू द्यायची की नाही आणि कोणत्या दराने, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. निघण्यापूर्वी कस्टमर केअरकडून "परदेशात वाय-फाय कॉलिंगवर येणाऱ्या आणि जाणाऱ्या कॉलचा दर काय" एवढं एक उत्तर लेखी, निदान चॅटवर मिळवा. फुकट असेल तर आजीचा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

कारण खरी अडचण आजीची आहे. सगळ्यांना व्हॉट्सॲप येतं असं आपण धरून चालतो आणि लँडलाइनवरच्या माणसाला विसरतो.

पूर्वी याला सरळ उत्तर होतं, ते म्हणजे स्काइप. थोडे पैसे भरून जगातल्या कोणत्याही लँडलाइनला फोन लावता यायचा. ५ मे २०२५ ला मायक्रोसॉफ्टने स्काइप बंद केलं, त्यामुळे जुने सल्ले वाचून ते शोधत बसू नका. आज न्यू जर्सीतून तीन वाटा आहेत. तुमच्या अमेरिकन कंपनीचा भारतासाठीचा आंतरराष्ट्रीय कॉलिंग प्लॅन, ही पहिली. अमेरिकन नंबर असलेल्यांना मिळणारं गूगल व्हॉइस, ही दुसरी. तिसरी व्हायबर आउटसारखी, पैसे भरून साध्या नंबरांना फोन लावून देणारी ॲप. मी स्वतः गूगल व्हॉइस निवडेन, कारण खातं तुमच्या नावावर राहतं आणि आई-बाबांना फक्त फोन उचलून बोलायचं असतं. दुबईत मात्र या कोणत्याच मार्गावर विसंबू नका. तिथून बहिणीच्या साध्या मोबाइलवरून, कंपनीचा आंतरराष्ट्रीय मिनिटांचा पॅक घेऊन आजीला लावणं सरळ पडेल. परदेशातून कोल्हापूरची लँडलाइन लावताना ०२३१ मधलं शून्य गाळायचं: +९१ २३१ आणि पुढे घरचा नंबर. दर वर्षी कोणीतरी शून्यासकट लावून "घरचा फोन बंद आहे" म्हणून शेजाऱ्यांना पळवतं.

आजीच्या बाजूने एक अडचण अशी की आपण गेली काही वर्षं तिला बजावत आलोय, "परदेशातला नंबर दिसला तर उचलायचा नाही." डिजिटल अरेस्टच्या भामट्यांमुळे ते बजावणं बरोबरच होतं. ऑक्टोबर २०२४ पासून दूरसंचार विभागाची यंत्रणा परदेशातून येऊन खोटाच +९१ नंबर दाखवणारे कॉल अडवते. त्यामुळे "माझा भारतीय नंबर दिसेल" असं वचन देणाऱ्या स्वस्त कॉलिंग ॲपचे कॉल मधेच गळतात. तेव्हा आजीच्या फोनवर अमेरिकेचाच, म्हणजे +१ ने सुरू होणारा नंबर दिसणार हे धरून चाला. तो नंबर तिच्या मोबाइलमध्ये नावासकट साठवा आणि लँडलाइनशेजारी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून लावा. जोडीला घरातल्यांनाच माहीत असेल असा एक शब्द ठरवा. कोणी रडत "आजी, मी विमानतळावर अडकलोय, पैसे पाठव" म्हणालं तर आजीने तो शब्द विचारायचा. आवाजाची नक्कल आता सहज करता येते, शब्दाची नाही. शब्द व्हॉट्सॲपवर लिहून पाठवू नका म्हणजे झालं.

आजीला तिकडे बोलायचं असेल तर? आपला जुना मिस्ड कॉल. भारतीय नंबर रोमिंगवर असताना न उचललेल्या कॉलचे पैसे सहसा पडत नाहीत. आजीने आईच्या नेहमीच्या नंबरावर दोन रिंग द्यायच्या आणि ठेवायचं, आईने तो न उचलता गूगल व्हॉइसवरून उलट फोन करायचा. आजीला नवीन काहीच शिकावं लागत नाही. आईने मात्र चुकून उचलू नये, रोमिंगच्या येणाऱ्या कॉलला मिनिटाचे पैसे लागतात. व्हॉइसमेल किंवा कॉल फॉरवर्डिंग चालू असेल तर तेही निघण्यापूर्वी बंद करून घ्या, नाहीतर न उचललेला कॉलही तिकडे वळून बिलात येतो.

मावशींकडे स्मार्टफोन असेल तर आठवड्यातून एकदा त्यांच्या फोनवर व्हिडिओ कॉल ठरवा आणि त्यांचं रिचार्ज तुम्ही करा. एरवी रोजच्या बोलण्याला आवाज पुरतो. हिशेब असा: इंटरनेटवरून बोलायची बरीच ॲप आवाज दाबून पाठवायला ओपस नावाचं तंत्र वापरतात, ते २०१२ मध्ये प्रमाणित झालं आणि सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत, नेट असेल तसं आखडतं किंवा पसरतं. बोलण्यासाठी साधारण २४ किलोबिट धरा, त्यावर पॅकेटच्या, म्हणजे आवाज ज्या छोट्या तुकड्यांत जातो त्यांच्या, वेष्टनाचे आणखी १६, म्हणजे एका दिशेला ४० आणि दोन्ही दिशांना ८०. मिनिटाला सुमारे ६०० केबी, तासाला ३६ एमबी. व्हिडिओ याच्या कितीतरी पट डेटा खातो. व्हॉट्सॲपच्या "स्टोरेज अँड डेटा" मध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचं बटण आहे, मावशींच्या फोनवर ते चालू करा.

आता आवाज तुटतो, घुमतो, उशिरा येतो त्याबद्दल. इथे माझा धंदा असल्याने थोडं जास्त बोलेन.

काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे काहीही केलं तरी एका बाजूला साधारण ६० मिलिसेकंद जाणारच, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात १०० च्या आसपास किंवा जास्त. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूला १५० मिलिसेकंदांपर्यंत माणसाला उशीर जाणवत नाही आणि ४०० च्या वर बोलणं अवघड होतं. अमेरिकेच्या कॉलमध्ये आपण जवळजवळ काठावरच असतो. वाय-फाय खराब असेल किंवा ब्लूटूथचा इअरफोन असेल तर त्यात आणखी भर पडते आणि दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात. जुन्या आयएसडीत उपग्रहावरून जाणाऱ्या कॉलला हे कायमचंच होतं, ३५,७८६ किलोमीटर वर जाऊन खाली यायचं तर पाव सेकंद तिथेच जातो. भारतीय रोमिंगच्या डेटावर अमेरिकेतून अमेरिकेतच व्हॉट्सॲप कॉल केला तर आवाज भारतात येऊन परत जाऊ शकतो, म्हणून तो विचित्र वाटतो.

कधीकधी दोष खरंच दूर असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारत, पाकिस्तान, अमिराती या सगळ्यांचं नेट मंदावलं. भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या बऱ्याच केबल मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्यावर चढतात आणि तिथून तांबड्या समुद्रातून युरोपला जातात. अशा दिवशी काहीही करू नका, व्हॉइस नोट पाठवा. पण असे दिवस विरळा. माझ्या अनुभवात बिघाड बहुतेक वेळा शेवटच्या खोलीत असतो, म्हणजे राउटर तळघरात आणि आई वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये.

कोणाकडचा दोष हे ओळखायची साधी पद्धत आहे. एकाने वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर यायचं. सुधारलं तर दोष त्याच्या वाय-फायचा. नाही सुधारलं तर आता दुसऱ्याने तेच करायचं. दोघांनी एकदम बदल केला तर काहीच कळत नाही, आणि लोक नेमकं तेच करतात. तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येत असेल तर तुमच्या फोनशी झटू नका. तो समोरच्या स्पीकरमधून निघून समोरच्याच माइकमध्ये शिरतोय. समोरच्याने स्पीकर बंद केला किंवा तारेचा इअरफोन लावला की जातो. आवाज तुटायला लागला तर आधी व्हिडिओ बंद करा. कॉल तोडून पुन्हा लावणं हा तोडगा आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. कधीकधी तो खरंच लागू पडतो, कारण नव्या कॉलला वेगळा मार्ग मिळतो.

हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वाय-फायवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही, असं झालं तर आधी ब्राउझर उघडून त्यांचं लॉगिनचं पान पूर्ण भरलंय का ते पाहा. तरीही नाही लागला तर त्यांनी आवाजाच्या पॅकेटची वाट बंद केलेली असते, आणि तिथे भांडून उपयोग नसतो.

वेळेचं एकदा नीट बसवा. दुबई भारताच्या दीड तास मागे, बारा महिने. तिथे संध्याकाळचे साडेसात म्हणजे घरी रात्रीचे नऊ, आजीचं जेवण झालेलं असतं. न्यू जर्सी उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आहे. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे कोल्हापुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा, आणि तुमचे सकाळचे आठ म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेपाच. या दोनच खिडक्या उपयोगाच्या. मी सकाळच्या आठची निवडेन. संध्याकाळी साडेपाचला मावशी अजून घरात असतात, आजीला ऐकू आलं नाही तर मदतीला कोणी असतं. अमेरिकेचं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं आणि अंतर साडेदहा तास होतं. आई-बाबांचं परतीचं तिकीट त्याच्या पुढे गेलं तर आजीला आधी सांगा, नाहीतर एक संध्याकाळ ती तासभर फोनपाशी बसून राहील.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात एक रंगीत तालीम करा. बाबांनी फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त घरच्या वाय-फायवर यायचं आणि तिथून तुम्हाला मीटची लिंक उघडून दाखवायची, कोणाच्या मदतीशिवाय. तुम्ही त्याच दिवशी गूगल व्हॉइसवरून आजीची लँडलाइन आणि मोबाइल दोन्ही लावून बघा आणि तिच्या मोबाइलवर कोणता नंबर दिसतो ते मावशींकडून वाचून घ्या. कागदावर तोच नंबर लिहायचा आहे.